संत्र्याची साल

विल्फ्रिदोला आधी फक्त नाक दिलं मी.
मग भुवया. मग हनुवटीखालचं ते थुलथुलीत,
सिलिकॉनचं, रात्रभर साच्यात निजलेलं.
पहाटेचे चार. असुन्सिओनच्या कडेची पत्र्याची शेड,
पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतोय,
आणि डिंक सुकेपर्यंत बोलायचं नाही म्हणून
तो आरशातून नुसता बघतोय माझ्याकडे.
शेवटी टोपी.
टोपी चढवली आणि मी एक पाऊल मागे सरले.
नीट दिसावं म्हणून, असं म्हणाले मी.

चेहरा सोपा असतो.
अवघड होतं ते संत्रं.
जनरल संत्रं सोलायचा एका दमात,
साल कुठेही न तुटता, गोल गोल, बुटापर्यंत,
आणि तोवर समोरच्या माणसानं उभं राहायचं.
साल तुटली तर सुटलास, असं लोक म्हणत.
तुटल्याचं कुणाला आठवत नाही.

विल्फ्रिदोनं दीड महिना संत्री सोलली.
लाइटवाल्या पोरांच्या बोटांचा वास जाईना,
स्वयंपाकीण म्हणाली, आता मुरांबा घालते बाई, संपतच नाहीत.
एकेचाळिसाव्या दिवशी साल अखंड उतरली
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
पहिल्या टाळ्या आमच्याच.

विय्यारिकाला पहिला खेळ.
तो पडद्यावर आला तशी तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी
उठून उभी राहिली.
कुणी सांगितलं नव्हतं, गुडघ्यांनी आपापलं ठरवलं.
मुलगी झगा धरून ओढतेय, अगं बस, सिनेमा आहे.
तो गेला की बसायची. आला की पुन्हा.

एका प्रसंगात त्याची दाढ दुखते,
तो ग्वारानीत आईला हाका मारतो.
मागची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.
तिथेच टाय लावलेले एक गृहस्थ डोळे पुसत होते.
बाहेर म्हणाले, तेव्हा रस्ते स्वच्छ होते,
दार उघडं टाकून झोपायचो आम्ही.
शेजारचा म्हणाला, आमचंही उघडंच होतं.
त्यांना ठोठवावं लागलं नाही.

काआसापात एकानं पडद्यावर चप्पल मारली.
नेम चांगला होता.
डाग अजून आहे. हल्ली तिथे प्रेमकथा लागलीय,
नायिकेच्या बरोब्बर कपाळावर येतो म्हणे.

निर्मात्याची हौस अशी
की खेळ सुटल्यावर विल्फ्रिदोनं वेषात लोकांना भेटायचं.
तसंच एकदा भेटून आला, मी नाक उतरवत होते,
तर दारात एक काटकुळा माणूस, हॅट हातात.
"साहेब, माझा भाऊ सेवेरो.
कुठे पुरलात, तेवढं सांगा."
मी नट आहे हो, विल्फ्रिदो म्हणाला.
"माहीत आहे. पण तुम्ही इतकं वाचलंत त्याच्याबद्दल.
वाचण्यात आलं असेल कुठे."
अर्धं नाक लोंबत होतं.
ते तसंच धरून मी उभी राहिले.
तो जाईपर्यंत आम्ही दोघं फरशी बघत होतो.

सांगायचं होतं ते वेगळंच.
गेल्या शनिवारी बाजारात,
चेहरा त्याचा स्वतःचा, दाढी चार दिवसांची,
संत्रीवालीनं पिशवी भरून दिली, पैसे घेईना.
"जनरलकडून कसले पैसे!"
थट्टाच असणार. हसलीसुद्धा.
पण हात तागडीवर घट्ट रोवलेला,
आणि बाजूचा पोरगा तिनं केव्हाच मागे सारला होता.
विल्फ्रिदोनं पाकीट काढलं होतं.
ते त्यानं परत खिशात ठेवलं.
मी पाहिलं. शेजारीच होते, कसावा निवडत.

गाडीत बसल्यावर त्यानं एक संत्रं घेतलं, खिशातला चाकू घेतला.
मी काही बोलले नाही.
खिडकीबाहेर बघत राहिले
साल माझ्या पायाला लागेपर्यंत.